सिंगल की अ‍ॅव्हरेज? क्यूबरची वेळ नेमकी कोणती धरायची

‘३.४७ सेकंदांत रुबिक क्यूब सोडवला’ अशी बातमी आली की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे जगज्जेता हाच ना? नाही. चीनच्या यूशेंग दू यानं नोव्हेंबर २०१८ मध्ये ३×३ च्या नेहमीच्या क्यूबवर ही वेळ नोंदवली आणि पुढची साडेचार वर्षं ती कोणालाही मोडता आली नाही. तरी जुलै २०१९ मध्ये मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरला तो जर्मनीचा फिलिप वायर, ६.७४ सेकंदांवर. पहिला आकडा सिंगलचा, दुसरा अ‍ॅव्हरेजचा. दोन्ही सेकंदांतच सांगतात, त्यामुळे घोळ होतो.

सिंगल म्हणजे एका सॉल्व्हची, क्यूब एकदा सोडवण्याची वेळ, बस. अ‍ॅव्हरेज मात्र शाळेतली सरासरी नव्हे. पाच सॉल्व्ह करायचे, सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत वाईट बाजूला काढायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज तीनने भागायची. समजा वेळा आल्या ९.८४, ११.२०, ८.०२, १०.३६ आणि १४.७५. यातले ८.०२ आणि १४.७५ गेले. उरलेल्यांची बेरीज ३१.४०, म्हणून अ‍ॅव्हरेज १०.४७. साधी सरासरी काढली असती तर १०.८३ आली असती.

यातली खरी गंमत पाचव्या सॉल्व्हला असते. चौथा झाला तेव्हाच या क्यूबरचं अ‍ॅव्हरेज ९.४१ ते १०.४७ या पट्ट्यात बंद झालं होतं. पाचवा कितीही भन्नाट गेला तरी ९.४१ च्या खाली जाता येणार नव्हतं, आणि क्यूब हातातून पडून डीएनएफ (सॉल्व्ह पूर्ण न झाल्याची नोंद) झाला असता तरी १०.४७ कुठे जात नव्हतं. स्पर्धेत जाणती मंडळी चौथ्यानंतर हा हिशेब लगेच मांडतात. एक डीएनएफ ‘सगळ्यांत वाईट’ म्हणून गळून पडतो. दोन झाले की अख्खं अ‍ॅव्हरेजच डीएनएफ.

मग फेरीचा निकाल सिंगलवर का लावत नाहीत? पूर्वी लावला आहे. १९८२ साली बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन्ह थाई २२.९५ सेकंदांच्या सर्वोत्तम सॉल्व्हवर जिंकला. पण एका सॉल्व्हमध्ये नशिबाला फार वाव असतो. बहुतेक क्यूबर शेवटचा थर आधी वरून एकरंगी करतात आणि मग पीएलएल नावाच्या ठराविक चालींनी तुकडे जागच्या जागी बसवतात. ही शेवटची पायरी आयती सुटण्याची, म्हणजे पीएलएल स्किप मिळण्याची शक्यता ७२ पैकी १. गटातल्या सगळ्यांना स्क्रॅम्बल (क्यूबची विस्कटलेली मांडणी) तोच मिळतो, पण स्किप मिळतो तो एखाद्यालाच, कारण प्रत्येकाची सोडवण्याची वाट वेगळी. चार-पाच सेकंदांच्या खेळात एवढी सूट मिळणं फार मोठं आहे. विक्रमी सिंगल करणारा मुळात अफाट वेगवानच असतो, त्याचं श्रेय कमी होत नाही. तरीही कोण किती पक्का हे जाणून घ्यायचं असेल तर मी आधी अ‍ॅव्हरेजचा रकाना बघतो. क्यूबरही ‘मी सब-१०’ (दहा सेकंदांच्या आतला) म्हणतात ते अ‍ॅव्हरेजवरूनच, एकदा ९.९ आला म्हणून कोणी सब-१० होत नाही.

अ‍ॅव्हरेजसारखाच दिसणारा आणखी एक आकडा म्हणजे मीन. ६×६ आणि ७×७ या मोठ्या क्यूबना तीनच सॉल्व्ह असतात आणि तिन्ही धरतात, काहीच वगळत नाहीत. त्यामुळे मीन जास्त निर्दय. दोन सॉल्व्ह सुरेख झाले आणि तिसऱ्यात दोन तुकडे चुकीच्या जागी असतानाच टायमर थांबवला, तर सिंगलच्या रकान्यात चांगली वेळ राहते आणि मीनच्या रकान्यात डीएनएफ.