ग्रामसभा गेली, क्षेत्र सभा आली नाही

२०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांची नोटीस निघाली. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, सुमारे अठराशे झाडं हलवायची किंवा तोडायची होती. शेकडो नाशिककरांनी लेखी हरकती दिल्या, सुनावणीत आवाज चढले आणि डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. त्या दिवसांत तपोवनात ज्येष्ठ नागरिकांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे दिसत होते. शहराला आपल्या सावलीची इतकी काळजी आहे हे पाहून बरं वाटलं. पण साधुग्राम कुठे आणि केवढं करायचं, हे ठरत होतं तेव्हा ही माणसं कुठे होती? त्यांना निरोप गेला तो झाडांवर खुणा झाल्यावर.

सरकारी भाषेत या प्रकाराला 'हरकती व सूचना' म्हणतात. आधी हरकत, मग सूचना. नाशिकच्या कारभारात लोकांचा प्रवेश जवळपास नेहमी याच क्रमाने, निर्णय झाल्यावर झाला आहे. तो तसा का झाला, हे समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सभासद सरकारने नेमायचे आणि कलेक्टरने अध्यक्ष व्हायचं. कर नाशिककरांनी भरायचा, खर्च साहेबाने ठरवायचा. १८ मे १८८२ चा व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि मग १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांत किमान निम्मे सभासद निवडून द्यायची सोय झाली. मात्र मत देणारा कोण, तर कर भरणारा, मालमत्ता असणारा किंवा शिकलेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० मध्येच आपल्या प्रत्येक प्रतिनिधीकडे किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र असलं पाहिजे असा नियम केला होता. प्रतिनिधी खालून उभा राहतो, ही समज रिपनच्याही आधी आपल्याकडे होती.

आणि 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न नाशकात तर अगदी रस्त्यावर लढला गेला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा मंदिरप्रवेशाचा होता, तसाच तो या गावात आपणही बरोबरीचे आहोत हे सांगण्याचाही होता. पंचवटीतल्या त्या दारासमोर बसलेल्या माणसांना वगळून नाशिकच्या लोकसहभागाचा इतिहास लिहिता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा कायदा होता आणि त्यात ग्रामसभा होती. तिथे हजेरी कमी असायची, सरपंचाच्या घरचाच कारभार असायचा, हे सगळं खरं. तरी गावातल्या मतदाराला वर्षातून एक-दोनदा चावडीवर उभं राहून 'हा खर्च कशाचा?' असं विचारायचा कायदेशीर हक्क होता.

पुढची घटना मला या सगळ्या इतिहासात कळीची वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक महानगरपालिका झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची वीसेक गावं एका हद्दीत आली. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, अंबड. द्राक्षाचे मळे, ऊस, भाजीपाला. ती गावं शहरात आली त्या दिवशी तिथली ग्रामपंचायत संपली आणि ग्रामसभाही संपली. बदल्यात नगरसेवक मिळायला हवा होता, तर तोही नाही. महापालिकेची पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. मधली दहा वर्षं प्रशासक. म्हणजे म्हसरूळच्या शेतकऱ्याला १९८२ मध्ये ग्रामसभा होती, १९८३ मध्ये काहीच नव्हतं.

नेमक्या याच सुमाराला देशात उलटं वारं वाहत होतं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९९३ मध्ये दोन्ही अंमलात आल्या. पण दोघींत एक फरक राहून गेला. ७३ व्या दुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली, म्हणजे सगळे मतदार. ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, म्हणजे पुन्हा नगरसेवकच. महाराष्ट्राच्या कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घ्यायची सोय आहे. नाशिकचे विभाग सहा: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, सिडको. प्रत्येकाची एक प्रभाग समिती. आजच्या लाखोंच्या शहरात विभागामागे तीन माणसं, तीही नगरसेवकांनी निवडलेली.

ही उणीव भरायची संधी एकदा आली. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नांदेड आणि नाशिक ही शहरं तिच्यात होती. पैसे हवेत तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. त्या अटीपोटी २००९ मध्ये राज्याने क्षेत्र सभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक टापू धरायचा, तिथल्या सगळ्या मतदारांची सभा, तिने कामांचा अग्रक्रम सुचवायचा. शहरातली ग्रामसभाच ती. फक्त अध्यक्षपद नगरसेवकाकडे. पैसे आले, पूल झाले, जलवाहिन्या पडल्या. क्षेत्र सभा मात्र राज्यातल्या शहरांत बहुतांशी कागदावरच राहिली.

नगरसेवक तरी हाताशी होता का? २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. दर पाच वर्षांनी हद्दी बदलल्या. १२२ नगरसेवक आणि ३१ प्रभाग असं २०१७ चं गणित होतं. गटार तुंबलं तर फोन कोणाला करायचा, यावर चार जण एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, हे प्रत्येक कॉलनीला माहीत आहे.

मग लोक बोलले कुठे? जिथे कायद्याने हरकत घेता येते तिथे. त्यात सगळ्यांत मोठं ठिकाण म्हणजे विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत कोणीही हरकत देऊ शकतो आणि नियोजन समितीला सुनावणी घ्यावी लागते. नाशकात 'आरक्षण पडलं', म्हणजे आपली जमीन आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखली गेली, हे दोन शब्द घरात कोणी गेल्यासारख्या आवाजात उच्चारले जातात. २०१३ चा प्रारूप आराखडा इतका वादात सापडला की तो बाजूला ठेवून नवा करावा लागला. तो नवा प्रारूप २०१५ मध्ये आला आणि २०१७ मध्ये मंजूर झाला.

आमच्या घरी एका जुन्या फाइलीत त्या वेळच्या हरकतीची पोच आहे. साधा फुलस्केप कागद, वर विषय, मग गट नंबर, मग वडिलांच्या अक्षरातली सात-आठ वाक्यं. कोपऱ्यात जांभळा शिक्का आणि त्यात पेनाने लिहिलेला आवक क्रमांक. अर्ज कुठे द्यायचा, प्रती किती, नकाशा कुठे लावलाय हे त्यांनी तीन हेलपाट्यांत शोधून काढलं होतं. सुनावणीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. नकाशावर आपला गट शोधायला त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला. तो कागद त्यांनी सात-बाराच्या उताऱ्याशेजारी ठेवला आहे, तितक्याच जपून. राज्यकारभारात त्यांनी मतदानाव्यतिरिक्त घेतलेला भाग एवढाच.

स्मार्ट सिटीच्या यादीत नाशिक सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. लोकांची मतं मागवली गेली, फॉर्म भरले गेले. पण कारभार वेगळ्या कंपनीकडे गेला आणि मखमलाबाद-हनुमानवाडीच्या शेतजमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडायच्या नगररचना योजनेने शेतकऱ्यांत उभी फूट पाडली. १९८२ ला ग्रामसभा गेलेलं तेच मखमलाबाद. गावाने एकत्र बसून हो किंवा नाही म्हणायची जागाच उरली नव्हती. समर्थकांचं एक निवेदन, विरोधकांचं दुसरं.

२०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना 'वॉक विथ कमिशनर' हा उपक्रम झाला. सकाळी मैदानावर लोक तक्रारी घेऊन रांगेत उभे राहायचे आणि तिथल्या तिथे अधिकाऱ्याला विचारणा व्हायची. त्याच वर्षी मोकळ्या जमिनींसह करवाढीच्या निर्णयावरून शेतकरी आणि नगरसेवक रस्त्यावर आले, अविश्वास ठरावाची तयारी झाली, तो मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. रांगेतल्या माणसाचा खड्डा बुजला असेल. कराचा दर ठरवताना मात्र त्याला कोणी विचारलं नव्हतं. तक्रार ऐकणं आणि धोरणात वाटा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका वर्षात स्पष्ट दिसलं.

जिथे यश आलं तेही हरकतीच्याच वाटेने. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध गोदावरी गटारीकरण विरोधी मंच २०१२ मध्ये उच्च न्यायालयात गेला आणि नदीचं धोरण बऱ्याच अंशी त्या जनहित याचिकेतून घडत गेलं. रामकुंड परिसरात काँक्रीटखाली गेलेली प्राचीन कुंडं मोकळी करा ही मागणी गोदाप्रेमींनी जुने नकाशे आणि १८८३ चं गॅझेटिअर पुढे करून लावून धरली. २०२२ मध्ये उंटवाडीचा दोनशे वर्षांचा वड उड्डाणपुलाच्या आराखड्यातून वाचला तोही लोक उभे राहिले म्हणून.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुन्हा प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. १९८२ पासूनच्या त्रेचाळीस वर्षांत जवळपास चौदा वर्षं या शहराला निवडलेलं सभागृहच नव्हतं. तपोवनाची नोटीस निघाली ती अशाच काळात. त्यातच २०२७ च्या सिंहस्थासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कुंभमेळा प्राधिकरण झालं आहे.

त्र्यंबकरोडने निघालं की तासाभरात आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याची हद्द लागते. १९९६ चा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम यांच्या आधारे तिथला एखादा पाडासुद्धा स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो आणि भूसंपादनाआधी तिच्याशी सल्लामसलत करावी लागते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांतल्या पाड्यांना असलेला हा हक्क गंगापूररोडच्या सोसायटीला नाही, पंचवटीतल्या वाड्याला नाही आणि मखमलाबादच्या मळ्याला तर १९८२ पासून नाही. नवे नगरसेवक आता सभागृहात आले आहेत. क्षेत्र सभेची तरतूद २००९ पासून कायद्यात तशीच आहे.