आत्ता तुमच्या प्लांटमध्ये काय काय बंद आहे?

सेफ्टी ऑडिटला आलो की आम्ही चेकलिस्ट उघडण्याआधी एखाद्या मोठ्या दुर्घटनेचा चौकशी अहवाल तुमच्या माणसांबरोबर बसून वाचतो. त्यात अर्धा दिवस जातो. हा वेळ कशासाठी, असं बरेच ग्राहक विचारतात, म्हणून हे पत्रक.

बहुतेक वेळा आम्ही पायपर अल्फापासून सुरुवात करतो. उत्तर समुद्रातला हा तेल आणि वायू काढणारा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या दोन कंडेन्सेट (वायूतून वेगळं होणारं द्रव इंधन) पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीने तपासणीसाठी काढला. संध्याकाळपर्यंत काम आटोपलं नाही, तेव्हा उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) लावून ठेवली. त्याच पंपाच्या ओव्हरहॉलिंगचं परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळं होतं आणि ते काम अजून सुरू व्हायचं होतं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला ओव्हरहॉलिंगचं परमिट ठाऊक होतं, व्हॉल्व्ह काढल्याचं मात्र ठाऊक नव्हतं. तो पंपापासून दूर, वरच्या बाजूला होता. पंपाजवळ उभं राहूनही त्याची रिकामी जागा दिसली नसती. पंप चालू केला. फ्लँजमधून गळती झाली आणि दहाच्या सुमाराला पहिला स्फोट झाला. आग विझवायला समुद्राचं पाणी खेचणारे पंपसुद्धा ऑटोवरून काढून मॅन्युअलवर ठेवलेले होते, कारण पाण्याखाली पाणबुडे काम करत तेव्हा ते खेचले जाण्याची भीती असे. स्फोटानंतर त्या पंपांपर्यंत कुणाला पोचता आलं नाही. १६७ माणसं गेली. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून पुढे १०६ शिफारशी आल्या.

हे वाचून झालं की आम्ही तुमच्या माणसांना एकच प्रश्न विचारतो: आपल्याकडे आत्ता कोणती सुरक्षा साधनं काढलेली, बायपास केलेली (वळसा देऊन निकामी ठेवलेली) किंवा मॅन्युअलवर आहेत, आणि पुढच्या पाळीला हे कुठे वाचायला मिळेल? उत्तर ‘अमक्याला विचारा, त्याला माहीत असतं’ असं आलं, तर आमचं पुढचं सगळं काम तिथूनच सुरू होतं.

भोपाळचा अहवालही याच प्रश्नापाशी आणतो. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. सुटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी पाइपचा तुकडा काढल्यामुळे निकामी होता. पाण्याचे फवारे वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचतच नव्हते. इतकं सगळं बंद असताना तो साठा टाकीत ठेवणं अक्षम्य होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. असा निर्णय कुणी एका दिवसात घेत नाही. आज एक साधन बंद होतं, महिन्याभराने दुसरं, आणि एकूण हिशेब कुणीच मांडत नाही.

साधन जागेवर आहे म्हणजे ते चालतं, असंही नाही. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोत टाकी भरत असताना पातळीचा गेज अडकला. ही तक्रार जुनीच होती, गेज आधीही अनेकदा अडकला होता. टाकी फार भरली तर पुरवठा आपोआप तोडणारा वेगळा स्विचही होता, पण तो चालला नाही. या स्विचला चाचणीसाठी एक दांडा होता आणि तो योग्य जागी राहावा म्हणून त्याला कुलूप लावावं लागे. ते कुलूप लावलंच नव्हतं, कारण ते कशासाठी आहे हे बसवणाऱ्यांना कळलं नव्हतं. पेट्रोल ओसंडून वाहिलं, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. सुदैवाने कुणी दगावलं नाही, पण आग कित्येक दिवस धुमसत होती. तुमच्या स्विचची, इंटरलॉकची (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेची) चाचणी प्रत्यक्ष कशी होते हे आम्ही उभं राहून पाहतो, ते यासाठी.

गेटवरच्या ‘अपघातमुक्त दिवस’ फलकाबद्दल थोडं बोलायला हवं. अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या रिफायनरीत मार्च २००५ मध्ये टॉवर प्रमाणाबाहेर भरला आणि स्फोटात १५ जण गेले. घसरून पडणं, हात कापणं अशा दुखापतींचे आकडे तिथे चांगले होते आणि त्यावरच व्यवस्थापन समाधानी होतं. फलक काढा असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी ‘बंद असलेली सुरक्षा साधनं’ अशी दुसरी यादी लावा, रोज ताजी केलेली.

प्लांटमध्ये केलेला प्रत्येक बदल, ‘तात्पुरता’ असला तरी, आम्हाला दाखवा. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात १९७४ मध्ये २८ माणसं गेली ती एका तात्पुरत्या बायपास पाइपमुळे. त्याचा आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेला होता.

आमच्या बैठकीत फिटर, ऑपरेटर आणि सुपरवायझर आधी बोलतात, मालक आणि मॅनेजर शेवटी. कोण काय बोललं ते आमच्या अहवालात नावानिशी येत नाही. ‘मानवी चूक’ एवढंच कारण लिहून आम्ही कुठलाही मुद्दा बंद करत नाही. ती चूक करणं सोपं कशामुळे झालं, तेही लिहितो.

येण्याआधी मागच्या महिन्याची वर्क परमिटं, शिफ्ट हँडओव्हरचं रजिस्टर आणि बायपासच्या नोंदी काढून ठेवा. नोंदी नसतील तर तसं सांगा, घाईने तयार करू नका. रात्रपाळीतला निदान एक जण बैठकीला हवाच, आणि त्याचे ते तास ड्युटीत धरा.