आपोआप मिळणाऱ्या आयपी पत्त्याची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात आज नवा संगणक आणला, की केबल खोचायची आणि कामाला लागायचे. आयपी पत्ता (नेटवर्कमधली संगणकाची क्रमांकरूपी ओळख), सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस ही नेटवर्कला जोडण्यासाठी लागणारी माहिती संगणक स्वतःच मागून घेतो, कारण ‘पत्ता आपोआप मिळवा’ हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. हे काम करणाऱ्या डीएचसीपी (डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल) या पद्धतीचा इतिहास ठाऊक असला, तर राउटरच्या सेटिंगमधले मुदत, पत्त्यांची मर्यादा आणि राखीव पत्ते हे रकाने विचारपूर्वक भरता येतात; एरवी ते आहेत तसेच सोडून दिले जातात आणि पुढे त्यातूनच अडचणी उभ्या राहतात.

या सोयीची सुरुवात संगणकाच्या एका उणिवेतून झाली. १९८०च्या दशकात हार्ड डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स वापरात होती; बंद केल्यावर त्यांना स्वतःचा पत्ताही लक्षात ठेवता येत नसे. त्यांच्यासाठी जून १९८४ मध्ये आरएआरपी ही पद्धत मांडली गेली. नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, सांगून आयपी पत्ता विचारायचा, एवढेच तिचे काम होते. मात्र ही विचारणा राउटर ओलांडू शकत नसे, त्यामुळे नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात वेगळा सर्व्हर ठेवावा लागे, आणि उत्तरात पत्त्यापलीकडे काहीही मिळत नसे.

सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांच्या बूटपी या पद्धतीने या दोन्ही मर्यादा बऱ्याच अंशी दूर केल्या. तरीही कोणत्या मॅक पत्त्याला कोणता आयपी पत्ता द्यायचा, याची यादी कोणाला तरी हाताने लिहावी लागे, आणि एकदा दिलेला पत्ता ते यंत्र कपाटात पडून असले तरी त्याच्याच नावावर राही. यंत्रे टेबलावरून हलत नव्हती तोवर हे चालून गेले. लॅपटॉप या जागेवरून त्या जागेवर फिरू लागले, तेव्हा ही पद्धत अपुरी पडली.

बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेले डीएचसीपीचे मानक ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या मानक-दस्तऐवजात ते आजच्या रूपात स्थिरावले. त्यातली खरी नवी गोष्ट म्हणजे मुदत. संगणक सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, पत्ते वाटणारा सर्व्हर (लहान कार्यालयात बहुधा राउटरच) एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो आणि सर्व्हर ठरावीक काळापुरता मंजूर करतो. निम्मी मुदत सरली की संगणक त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो. सात-अष्टमांश मुदत संपेपर्यंत उत्तर आले नाही, तर कोणत्याही सर्व्हरकडे मागतो. ड्रॉम्स यांनी बूटपीचाच संदेश-आराखडा आणि ६७ व ६८ हेच पोर्ट क्रमांक (संदेश कोणत्या कामाचा हे ओळखण्याचे) कायम ठेवले, त्यामुळे विचारणा राउटरपलीकडे पोहोचवणारी, आधीपासून बसवलेली मध्यस्थ यंत्रणा बदलावी लागली नाही. डीएचसीपी इतके सर्वदूर पोहोचण्यात या निर्णयाचा वाटा मला फार मोठा वाटतो.

मुदत किती ठेवावी, हे जागेवर अवलंबून असते. घरगुती राउटरवरच्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये यंत्रांना देता येतील असे २५४ पत्तेच असतात. ठरलेले कर्मचारी असलेल्या कार्यालयात आठ दिवसांची मुदत चालते. पण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा मंगल कार्यालयात तीच मुदत ठेवली, तर निघून गेलेल्या मोबाइलांच्या नावावर पत्ते अडकून राहतात आणि नव्याने आलेल्यांना मिळत नाहीत. तिथे एक-दोन तास पुरेसे असतात. प्रिंटरला मात्र त्याच्या मॅक पत्त्यावर पत्ता राखून द्यावा. बूटपीची जुनी यादी या रूपात अजून उपयोगी पडते.

सर्व्हर सापडलाच नाही तर काय, याचे उत्तर विंडोज ९८ ने दिले: १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता संगणक स्वतःच घेतो. २००५ मध्ये या पद्धतीचेही मानक झाले. वीज जाऊन आल्यावर राउटर सुरू व्हायला संगणकापेक्षा जास्त वेळ लागला, की हाच पत्ता दिसतो. अशा वेळी केबल किंवा कार्ड बदलायची घाई करू नये. राउटर सुरू झाल्यावर पत्ता पुन्हा मागवला की बहुतेकदा काम भागते.

एक उणीव मात्र मुळापासून राहिली आहे. हाकेला उत्तर देणारा सर्व्हर अधिकृत आहे का, हे संगणक तपासत नाही. २००१ मध्ये ओळख पटवण्याची पद्धत मांडली गेली, पण ती फारशी वापरात आली नाही. त्यामुळे कोणी जादा वायफायसाठी दुसरा राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट (केबल खोचायची जागा) कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या स्विचला जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो आणि निम्म्या संगणकांचे इंटरनेट बंद पडते. हे टाळायचे असेल, तर जोडण्याआधी त्या राउटरवरचे डीएचसीपी बंद करावे, आणि स्विच घेताना कोणत्या पोर्टवरून पत्ते वाटू द्यायचे हे ठरवण्याची सोय त्यात आहे का, हे पाहून घ्यावे.