चाचणीआधी लेकराची तयारी करून घेऊ नका

आमच्या बीडच्या केंद्रात अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांच्या मानसशास्त्रीय चाचणीसाठी वेळ घेताना बरेच पालक विचारतात, "मॅडम, चाचणीत काय काय येतं? घरी थोडी प्रॅक्टिस करून घेतो." कृपा करून घेऊ नका. तेवढ्यापायी तुमची चक्कर वाया जाते आणि लेकराचं निदान कित्येक महिने लांबतं.

मागे दुसरीतला एक मुलगा आला होता. मी आकडे म्हणायचे, त्याने ऐकून तसेच म्हणायचे, एवढंच काम. मी तोंड उघडायच्या आत त्याने पाठ केलेली आकड्यांची माळ म्हणून टाकली आणि दाराशी उभ्या वडिलांकडे बघितलं. चाचणीतले लाल-पांढरे ठोकळेही घरी रचून झालेले. चाचणी थांबवावी लागली. तीच चाचणी लगेच परत घेता येत नाही, सवयीने गुण फुगतात. फुगलेले गुण बघून सगळे म्हणतात, पोरगं हुशार आहे, आळस करतंय. मग ज्याला मदत हवी तोच बोलणी खातो.

तयारी एवढीच: रात्रीची पुरती झोप, पोटभर न्याहारी, चष्मा असेल तर चष्मा. शाळेच्या वह्या आणा, खाडाखोड असलेल्याच. "सुई नाही, मार्क नाहीत, एका ताईंकडे जायचंय" असं खरं सांगा. चाचणी दोन बैठकांत होते, कारण थकलेलं लेकरू येत असलेलंही चुकतं. फी दोन्हींची मिळून एकच. अहवाल मराठीत देते आणि समोर बसून समजावून सांगते.

मी औषधं देत नाही. लागलीच तर चिठ्ठी देऊन मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. एम.ए.नंतर रुग्णालयातल्या कामासह चिकित्सा मानसशास्त्राचं दोन वर्षांचं एम.फिल. केलं. असं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा माझा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलाय. कुठेही गेलात तरी तो बघून घ्या.

माझा अभ्यासाचा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वाचन. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर गेलेलं लेकरू गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. त्याला अक्षरं जुळवता येत नाहीत, म्हणून लगेच 'अध्ययन अक्षमता' (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं) लिहिणं मला पटत नाही. नीट शिकवूनही, निदान सहा महिने जादा मदत देऊनही अडचण राहिली, तरच ते निदान करता येतं. म्हणून मी शाळेची हजेरी मागते, घरी लमाणी बोलता की दखनी तेही विचारते. काही पालकांना ही चौकशी वाटते. पण शाळा बुडालेलं लेकरू आणि खरी अक्षमता असलेलं लेकरू पहिल्या दिवशी सारखंच अडखळतं, आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

टोळीला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आधी वेळ घ्यावी. त्या दिवसांत मी रविवारीही बसते. अध्ययन अक्षमतेसाठी दहावीच्या परीक्षेत मिळणाऱ्या सवलतीचं प्रमाणपत्र शासनाने ठरवून दिलेल्या रुग्णालयातूनच मिळतं, आमच्याकडून नाही. त्यासाठी नववीतच या, परीक्षेच्या तोंडावर नको. पहिल्या भेटीला फक्त आई-वडिलांनी यायचं.