काळ्या कातळाखालचा पट्टेदार खडक

कोयनेच्या काळ्या कातळाखाली काय दडलंय, ते भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रांतून वर आलं. गोठणे गावातलं छिद्र सुमारे ३ किलोमीटर खोल आहे. त्यात वरचा सव्वा किलोमीटर बसाल्ट, खाली ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म म्हणजे नाइस. नाइसमधली अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाने आणि उष्णतेने एकाच दिशेला लवंडलेली असतात. (सातारच्या डोंगरांना दिसणारे टप्पे वेगळे, ते लाव्हाच्या एकावर एक आलेल्या प्रवाहांचे.)

बसाल्टचा घट्ट गाभा कुठूनही दाबा, मजबुती जवळपास तीच. पट्टेदार खडकाच्या बाबतीत आधी विचारायचं, दाब कुठल्या दिशेने? पट्टे भाराच्या रेषेत असले किंवा त्याला काटकोनात असले, तर खडक चांगला टिकतो. मध्येच कुठेतरी, साधारण ३० अंशांवर, तो सर्वांत कमकुवत ठरतो, कारण तिथे पट्टे एकमेकांवरून घसरतात. घर्षणाचा कोन ३० अंश धरला, तर ४५ मधून त्याचा निम्मा वजा करायचा. उरलेले ३० अंश हाच घातक कोन. पट्टे भाराशी ६० अंशांपेक्षा जास्त कोन करू लागले की घर्षण घसरू देत नाही, खनिजंच फोडावी लागतात.

ताठरपणाचं, म्हणजे भाराखाली खडक किती कमी दबतो याचं, गणित मात्र निराळं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. समजा, निम्म्या थरांचा ताठरपणा ६० गिगापास्कल आणि निम्म्यांचा १० आहे. थरांच्या रेषेत दाबलं तर सगळ्यांना सारखंच आखडावं लागतं, बहुतेक भार ताठर थर उचलतात आणि एकूण ताठरपणा येतो ३५. काटकोनात दाबलं तर भार प्रत्येक थरावर सारखाच पडतो, मऊ थर भरपूर दबतात आणि हाती येतात जेमतेम १७. म्हणजे काटकोनात खडक दणकट असतो, पण दबतो सर्वांत जास्त. मजबुतीच्या एका आकड्यावरून बोगद्याच्या भिंती किती आत येतील याचा अंदाज बांधणं म्हणूनच धोक्याचं.

मजबुतीच्या चाचणीसाठी ५४ मिलिमीटर व्यासाचे, व्यासाच्या अडीचपट लांबीचे गाभे, म्हणजे खडकाचे दंडगोल नमुने, वेगवेगळ्या कोनांत कापतात. तिरपे गाभे कापतानाच पापुद्र्यावर फुटतात. जे शाबूत राहतात ते मुळात जरा बरे असतात, त्यामुळे सरासरी फुगते. गाभा आखूड असला तर यंत्राच्या चकत्यांचं घर्षण टोकं धरून ठेवतं, घसरण अडते आणि आकडा पुन्हा खोटा चढतो.

खोलवर मजबुतीतला दिशेनुसारचा फरक कमी होतो. ३ किलोमीटरवर वरच्या खडकाचंच ओझं सुमारे ८० मेगापास्कल असतं. चहूबाजूंनी आवळलेले पापुद्रे सहजी घसरत नाहीत, बारीक भेगाही मिटतात. पण भेगांत पृष्ठभागापर्यंत सलग पाणी असेल, तर त्याचा ३० मेगापास्कलचा दाब त्या आवळण्यातून वजा होतो. खनिजांच्या मांडणीमुळे आलेला ताठरपणातला फरक मात्र कितीही आवळलं तरी पुरता जात नाही.