केळ्याची भजी मऊ का पडतात? कढईतल्या बदललेल्या फळाची पार्श्वभूमी

पिकल्या केळ्याची भजी करायला घेतली की सगळी चर्चा पिठाची होते. बेसन की मैदा, तांदळाचं पीठ किती, सोडा घालायचा की कडकडीत तेलाचं मोहन. फळाकडे कुणी पाहत नाही. डझनभर केळी आणलेली असतात, त्यातली चार काळी पडायला लागली की त्यांची भजी होतात. कढईतून निघताना ती कुरकुरीत असतात आणि ताटात येईपर्यंत मऊ पडतात. मग दोष पिठाला देऊन पुढच्या खेपेला कॉर्नफ्लॉवर वाढवलं जातं, रवा वाढवला जातो. पण ही कृती ज्या केळ्यावर बेतलेली होती, ते केळं आज महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत येतच नाही. हा दोष पिठाचा नाही.

केळीचं मूळ न्यू गिनी आणि आग्नेय आशियात आहे. न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक इथे केळीच्या लागवडीचे जवळपास ७,००० वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. पुढे रानकेळींच्या दोन जातींचा संकर होत गेला आणि त्यातून गोड, पातळ सालीची केळी एका बाजूला आणि जाड सालीची, पिठूळ गराची केळी दुसऱ्या बाजूला अशी ढोबळ विभागणी झाली. तळणासाठी दुसरी बाजू महत्त्वाची. तळण आपल्याकडे जुनंच आहे. कल्याणीच्या चालुक्य राजाच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये पूरिका, वटिका असे पुरी-वड्यांसारखे तळलेले पदार्थ आहेत. फळ पिठात घोळवून तळण्याची घरोघरची सवय मात्र किनारपट्टीवर जास्त दिसते, आणि तिथे ती एकाच वाटेने आलेली नाही.

गोव्यातले फिलोस घ्या. पोर्तुगालमध्ये कार्निव्हलला आणि नाताळला ‘फिल्योश’ नावाचा तळलेला गोड पदार्थ करतात. उपवासाचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होण्याआधी घरातली अंडी आणि तेल-तूप संपवण्याची ती रीत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्याच नावाचा पदार्थ पिकलं केळं कुस्करून, पीठ आणि अंडं घालून होऊ लागला आणि तो आजही कार्निव्हलच्या दिवसांत होतो. यात केळं कुस्करलेलं असतं, त्यामुळे ते कितीही मऊ असलं तरी चालतं. मंगळूर-उडुपीकडून कोकणात आणि गोव्यात आलेले बन्स याच तऱ्हेचे. तेही कुस्करलेल्या केळ्याचे, मैद्यात मळून पुरीसारखे तळलेले. गुजराती घरांतली केळं-मेथीची भजीही तशीच, कारण त्यांत केळं बेसनात मिसळून जातं. या तिन्हींना बाजारातलं आजचं केळं बिनतक्रार चालतं. घोटाळा होतो तो अख्ख्या कापांच्या भज्यांत.

अख्ख्या कापांच्या भज्यांचं सर्वांत नावाजलेलं रूप म्हणजे केरळची पळमपोरी. दक्षिण केरळात तिलाच एत्तक्का अप्पम म्हणतात. नेंद्रन केळं सोलायचं, गोल चकत्या न करता उभे लांब काप काढायचे, मैद्याच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ, चिमूटभर हळद आणि थोडी साखर घालून त्यात बुडवायचे आणि खोबरेल तेलात तळायचे. चहाच्या टपरीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत ती सगळीकडे मिळते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि केरळच्या गाड्यांमधून ही भजी रत्नागिरी-कुडाळच्या प्रवाशांच्याही हातात येऊ लागली. ‘आपली का अशी होत नाहीत’ हा प्रश्न अनेक घरांत तिथूनच आला असावा.

उत्तर नेंद्रनमध्ये आहे. हे पिठूळ गराचं केळं. पिकलेल्या साध्या केळ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. नेंद्रनच्या गटातल्या केळ्यांत ते दोन तृतीयांशाच्या आसपास राहतं आणि पिकल्यावरही बऱ्यापैकी पिष्ट शिल्लक असतं. तळताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं. वाफ जितकी जास्त, तितकं कवच लवकर ओलं होतं. शिवाय साखर जास्त असेल तर वरचा रंग झटकन चढतो, आपण घाबरून भजी लवकर काढतो आणि कवच नीट वाळतच नाही. मऊ भज्यांची बहुतेक तक्रार या दोन कारणांत बसते.

महाराष्ट्राला हे केळं परकं नव्हतं. वसई-पालघर पट्ट्यात राजेळी केळी होती. ती नेंद्रनचीच जवळची नातेवाईक. आगाशीची सुकेळी याच राजेळीची, उन्हात वाळवलेली. गोव्यात मोयरा गावाची मोठी केळी हलव्याला आणि शिजवून खायला वापरली जातात. ज्या घरांना अशी केळी परसातून किंवा आठवडी बाजारातून मिळत होती, तिथे भजी, काप, तुपात परतलेल्या फोडी हे सगळं सहज जमत होतं.

मग खानदेशाचं केळं सगळीकडे पोचलं. रावेर, सावदा, यावलची केळी रेल्वेने थेट दिल्लीपर्यंत जात होती, आणि या व्यापाराचा कणा होता बसराई, म्हणजे बुटक्या कॅव्हेंडिश गटातलं केळं. १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं आणि ठिबक सिंचन आलं आणि त्याच गटातल्या ग्रँड नैनने बसराईची जागा घेतली. एकसारखे घड, एकाच वेळी कापणी, भरघोस उत्पादन. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शहरातल्या गाडीवर ‘केळी’ म्हटलं की हे एकच केळं, फार तर शेजारी वेलची केळी, अशी स्थिती आली. राजेळी लावायला वसईत जमीनच उरली नाही. तिथे इमारती उभ्या राहिल्या.

यानंतरचा टप्पा पिकवण्याचा. त्यावर सविस्तर लिहायला हवं, कारण तो वाद अजून निवळलेला नाही आणि भज्यांशी त्याचा संबंध वाटतो त्याहून थेट आहे.

केळं नेहमी हिरवंच उतरवतात आणि नंतर पिकवतात. पूर्वी वखारीत भट्टी लावली जायची. बंद खोलीत घड रचून धूर कोंडायचा. धुरात इथिलीन असतं आणि तोच वायू फळ स्वतःही सोडतं, म्हणून ही रीत काम करत होती. पुढे स्वस्त पडतं म्हणून कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या आल्या. ओलाव्याशी संबंध आला की कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनसारखंच काम करतो, पण औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांतच त्यावर बंदी होती आणि २०११ च्या नव्या नियमांत ती कायम ठेवली गेली. अडचण अशी होती की बंदी होती, पण छोट्या वखारवाल्याला परवडेल असा मान्य पर्याय नीट लिहून दिलेला नव्हता. त्यामुळे पुड्या चालूच राहिल्या.

२०१६ मध्ये नियमात बदल करून इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, परवानगी दिली गेली. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाचं पाणी करून त्यात केळी बुडवायची पद्धत बाजारात रुळलेली होती. २०१८ च्या मार्गदर्शनात फळाला इथेफॉन थेट लावायला मनाई करून, त्याची भुकटी बंद पुडीत ठेवून त्यातून निघणारा वायू वापरायला वाट दिली गेली. यावर दोन बाजू पडल्या. एका बाजूचं म्हणणं, वायू तो वायूच, परवानगी देऊन कृत्रिम पिकवणीला राजमान्यता दिली. दुसरी बाजू म्हणते, इथिलीन फळाचंच संप्रेरक आहे, ते बाहेरून दिलं तर विष होत नाही. आरोग्याच्या मुद्द्यावर दुसरी बाजू बरोबर आहे, असं मी ठामपणे म्हणेन. कार्बाइड आणि इथिलीन यांना एकाच पारड्यात तोलणं चुकीचं आहे, आणि २०१६ चा निर्णय उशिरा का होईना योग्य झाला.

पण पहिल्या बाजूच्या तक्रारीत एक खरा अनुभव दडलेला आहे. ‘हल्ली केळं दिसतं पिकलेलं, लागत नाही’ असं लोक म्हणतात ते उगाच नाही. कारण मात्र वायू नाही. लांबच्या बाजारासाठी घड पूर्ण भरण्याआधी उतरवले जातात हे एक. दुसरं कारण तापमानाचं. कॅव्हेंडिश केळ्याची साल नीट पिवळी व्हायला थंडावा लागतो, म्हणून रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, साधारण १६ ते १८ अंश राखतात. हेच केळं महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात घरी ठेवून पिकवलं तर साल हिरवटच राहते आणि आतला गर मात्र मऊ होत जातो. नेंद्रनच्या गटातली केळी उष्णतेतही पिवळी होतात. म्हणजे राजेळी-नेंद्रन वापरणाऱ्या घरांत सालीचा रंग पाहून आतल्या गराचा अंदाज बांधता येत होता. कॅव्हेंडिशमध्ये रंग बराचसा खोलीच्या तापमानावर ठरतो आणि गर आपल्या वेगाने पुढे जातो.

भज्यांच्या कृतींमधला सर्वांत मोठा गोंधळ इथे आहे. ‘साल काळी पडलेलं केळं घ्या’ ही सूचना सगळीकडे सापडते. नेंद्रनसाठी ती अगदी खरी आहे. साल काळवंडली तरी त्याचा गर घट्ट राहतो, गोडी भरलेली असते आणि उभा काप मोडत नाही. ग्रँड नैनची साल काळी पडेपर्यंत गर कुस्करायलाच लायक उरतो. त्याच्या अख्ख्या कापांसाठी साल पिवळी, देठाशी किंचित हिरवट असतानाच केळं वापरायला हवं. गोडी कमी वाटली तर साखर पिठात घालावी. काळी केळी बन्सना किंवा फिलोसना ठेवावीत. एवढा एक भेद कृतीत लिहिला असता, तर सोड्याचे निम्मे प्रयोग वाचले असते.

आग्नेय आशियात या प्रश्नाचं उत्तर बरंच आधी शोधलं गेलं. इंडोनेशिया-मलेशियाच्या पिसांग गोरेंगसाठी, म्हणजे तिथल्या तळलेल्या केळ्यांसाठी, बाजारात केळ्याच्या जाती नावाने मागितल्या जातात, राजा, केपोक, तांदुक अशा. तिथे पीठ मुख्यतः तांदळाचं असतं आणि त्यात अनेक जण चुन्याची निवळी घालतात. कोहळ्याच्या पेठ्यासाठी फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात तेच तत्त्व, कॅल्शियममुळे फळाच्या फोडी आणि कवच घट्ट होतं. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्याचं कवच मैद्यापेक्षा कमी तेल पितं आणि जास्त वेळ कडक राहतं. आपल्याकडे बेसनाला पर्याय म्हणून मैदा आला, पण किनारपट्टीच्या घरांत काप तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवायची रीत होतीच. निरफणसाचे काप तसेच होतात. त्या रीतीकडे वळण्यात नवीन काहीच नाही.

तेलाचा इतिहास थोडक्यात. कोकणात खोबरेल, देशावर शेंगदाणा आणि करडई, १९३७ पासून डालडा, मग रेशनचं पामतेल. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि हॉटेलांच्या कढया त्यावरच चालू लागल्या. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत दिलेल्या शिध्यातही रवा, चणाडाळ, साखर यांच्यासोबत एक लिटर पामतेलच होतं. त्याच वर्षी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात एप्रिलअखेरीपासून मेपर्यंत थांबवली आणि पिसांग गोरेंगच्या देशातल्या तेलटंचाईची झळ आपल्या किराण्याच्या दुकानात पोचली. तळलेलं तेल पुन्हा वापरण्याबद्दल २०१८ पासून नियम आहे. त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल व्यवसायात वापरता येत नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण केळ्याच्या भज्यांना हा मुद्दा जास्त लागू आहे, कारण पिठातून आणि फळातून गळलेली साखर तेलात जळत राहते. हे तेल दुसऱ्या दिवशी कांदाभजीला वापरलं की ती लवकर काळी होतात.

तळताना १७० ते १८० अंश तापमान पुरतं. पिठाचा थेंब टाकल्यावर तो तळाशी न रेंगाळता वर आला, पण लगेच तपकिरी झाला नाही, की तेल तयार आहे. एका वेळी थोडेच काप सोडावेत, नाहीतर तेल थंड होऊन कवच तेल पितं. काढल्यावर कागदावर पसरण्यापेक्षा जाळीवर ठेवावेत. कागदावर भज्यांखाली वाफ कोंडते आणि खालची बाजू ओली होते.

नेंद्रन आता मुंबईत माटुंग्याच्या बाजारात आणि मोठ्या शहरांतल्या केरळी किराणा दुकानांत मिळतं. २०१४ मध्ये मानांकन मिळालेलं त्रिशूरकडचं चेंगळीकोडन हे नेंद्रनमधलंच, पण ते इकडे क्वचित येतं. ओणमच्या आधीच्या आठवड्यांत चिप्ससाठी हिरव्या नेंद्रनला मोठी मागणी असते आणि भाव चढतो. भज्यांसाठी घ्यायची असतील तर ओणम उलटून गेल्यावर घ्यावीत, हिरवी मिळाली तर घरातच बाहेर ठेवावीत, आणि साल निम्मीअधिक काळी होईपर्यंत हात लावू नये.