जॅझचा स्वतंत्र आल्बम : मागची गोष्ट आणि ऐकायचा क्रम

1935 साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ आले, पियानोवर टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्याच शेजारी बसून गोव्याकडचे वादक तयार झाले. 1939पासून पुढची वीसेक वर्षं मिकी कोरियांचा बँड ताजमध्ये होता. एवढं वाजलं, तरी त्या काळातला मुंबईचा जॅझ आल्बम मागितला तर हाती फारसं काही लागत नाही.

कारण साधं आहे. रात्री हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यात लांब सोलोला, म्हणजे एकट्या वादकाच्या उत्स्फूर्त विस्ताराला, जागा कुठली? सी. रामचंद्रांचे साहाय्यक, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ‘अलबेला’मध्ये (1951) बँडसह पडद्यावर दिसतात, सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. ही माणसं सिनेसंगीतात पुरेपूर ऐकू येतात, पण वादकाला पैसे त्या दिवसाच्या कामाचे मिळत. तबकडीवर नाव क्वचित, हक्क तर नाहीच.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा जॅझमधला खरा अर्थ इथे आहे. शैली कितीही वेगळी असो, प्रश्न मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कोणाच्या मालकीची हा. अमेरिकेत बासवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमर मॅक्स रोच यांनी 1952मध्ये ‘डेब्यू’ हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. 1971मध्ये ट्रम्पेटवादक चार्ल्स टॉलिव्हर आणि पियानोवादक स्टॅन्ली काउएल यांच्या ‘स्ट्रॅटा-ईस्ट’ने मालकी वादकाकडेच ठेवली. अडचण वितरणाची होती. दुकानांपर्यंत माल पोचवणं छोट्या लेबलांना जड जाई. ती गाठ इंटरनेटने सोडवली. संगीतकार मारिया श्नायडर यांचा ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ (2004) दुकानांत न येता, श्रोत्यांनी आगाऊ दिलेल्या पैशांवर तयार झाला आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. 2008मध्ये बँडकॅम्प आलं, कलाकार आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकतात ते संकेतस्थळ. डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ते ठेवतं, व्यवहारशुल्क वेगळं.

आता असा स्वतंत्र जॅझ कुतूहलाने विचारणाऱ्याला ऐकायला काय द्यायचं? आमच्या मते सुरुवात अमेरिकेतले रुद्रेश महंतप्पा आणि कद्री गोपालनाथ यांच्या ‘किन्समेन’ने (2008, पाय रेकॉर्डिंग्ज) करावी. दोघांचंही वाद्य आल्टो सॅक्सोफोन. एकाची भाषा जॅझची, दुसऱ्याची कर्नाटक संगीताची. गोपालनाथांना मुंबईच्याच 1980च्या जॅझ महोत्सवात जॉन हँडींबरोबर वाजवायची संधी मिळाली होती, म्हणजे या आल्बमची एक मुळी इथली आहे. ख्याल ऐकणाऱ्याला सांगावं : सुरुवातीची धून बंदिशीसारखी धरून ठेव, मधल्या सोलोत ती हरवते आणि बहुतेकदा शेवटी परत येते.

ज्याचा कान ठेक्याकडे आहे, त्याला ड्रमर मकाया मॅकक्रेव्हनचा ‘इन द मोमेंट’ (2015, इंटरनॅशनल अँथम). मैफलींतल्या सुमारे 48 तासांच्या उत्स्फूर्त वादनातून कापून-जोडून तो बनवला आहे. संगीतकार हेन्री थ्रेडगिलचा ‘इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड’ (2015) मात्र पहिल्या फेरीत देऊ नये. संगीतासाठीचं 2016चं पुलित्झर पारितोषिक मिळालेला आहे म्हणून नेमका तोच आधी सुचवला जातो, आणि पकडायला ओळखीची धून नसल्याने ऐकणारा दहा मिनिटांत उठतो.

बरेच आल्बम आणखी एका कारणाने फसतात. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या स्पीकरमधून तो सूर निघतच नाही. लोकलमध्ये उघडे इअरफोन लावले, तर उरलासुरला बास आणि ड्रमवरचे ब्रश खडखडाटात जातात. मग वरचा सॅक्सोफोन निराधार वाटतो आणि ‘हे भरकटलेलं आहे’ असा शेरा मिळतो. कान झाकणारे तारेचे हेडफोन पुरतात. विकत घेताना फ्लॅक फाइल घ्यावी, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेली. सीडीच्या दर्जाची तासभराची न दाबलेली ‘वेव्ह’ फाइल 600 एमबीच्या आसपास, फ्लॅक साधारण तिच्या निम्मी. ब्लूटूथवर बहुधा आवाज पुन्हा दाबला जातो, त्यामुळे तिथे हा फरक शोधत बसू नये. बँडकॅम्पसारख्या परदेशी ठिकाणी पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, ते आधी बघावं.